पान एकशे सत्त्याहत्तर

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

(माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तरी वन्सं. तुझ्या आईने पहिल्याच दिवशी लावलेली सवय, ती काही आता सुटायची नाही.)

आला एकदाचा! दोन वर्षं ताटकळत ठेवून लेखकमहाशयांनी ‘ढगांपलीकडची शय्या’चा दुसरा भाग बाहेर काढला. तीनशे बावन्न पानं. पहिल्या भागात शय्या नुसती लांबून दाखवली होती, यंदा बहुतेक तिच्यावर मुक्कामच आहे.

दुकानात आणलं, शटर अर्धं ओढलं आणि सुरी घेऊन बसले. बाइंडर बाईच्या हातात पुस्तक दिसलं की लोकांना वाटतं ती बांधत असेल. मी उसवत होते. सोळा पानांचा एक फर्मा, असे बावीस फर्मे सुटे केले. मुखपृष्ठ नेहमीसारखं काढून ठेवलंय. त्यावर वीजदेव उभा आहे. कमरेच्या वर काही नाही आणि कमरेखाली जे आहे त्याला ढग म्हणायचं. हॉस्पिटलच्या मुख्य परिचारिकेच्या टपालात असलं चित्र सापडलं तर पेशंट सोडून बाकी सगळ्यांना ताप चढेल. तेव्हा मागच्या वेळचीच पद्धत: मी आधी वाचणार, मग फर्मे खाकी कागदात बांधून तुला पाठवणार.

विसरली असशील तर सांगते. कुंभारणीचा नवरा पुरात गेला होता. वीजदेव तिच्या अंगणात उतरला, भट्टीतली सगळी मडकी तडकली आणि भाग संपला. आता त्याला ती हवी आहे. तिला विचार करायला वेळ हवा आहे. तो देव असल्यामुळे त्याच्याकडे वेळच वेळ आहे आणि लेखकाकडे पानंच पानं.

सोबत पहिले चार फर्मे. दुकान ठीक. हे जाऊन सहा वर्षं झाली तरी एखादं जुनं गिऱ्हाईक विचारतंच, ‘साहेब कुठे आहेत?’ मी म्हणते, ‘वर गेलेत. तुमचं काम माझ्याकडे द्या.’

तुझी,
वहिनी

१५ फेब्रुवारी

वहिनी,

चार फर्मे चार ड्यूट्यांत संपवले. रजिस्टरात ठेवून वाचते. शिकाऊ नर्सेसना वाटतं मॅडम किती बारकाईने नोंदी तपासतात! मध्येच माझा चेहरा बघून एकीने घाबरत विचारलं, ‘मॅडम, माझं काही चुकलं का?’ म्हटलं, तुझं नाही गं, देवाचं.

लेखकाला कुणीतरी माणसाचं शरीर दाखवा. देवाची छाती बारा पानांत नऊ वेळा येते, मी मोजलंय. त्याच्या स्पर्शाने म्हणे तिच्या अंगातून वीज सळसळते आणि ती ‘नाथा’ म्हणून डोळे मिटते. वीज अंगावर पडलेले दोन पेशंट मी पाहिलेत. त्यांच्यापैकी एकही ‘नाथा’ म्हणाला नव्हता.

आणि ही कुंभारीण! काय बया आहे गं! नवऱ्याचा चिखल अजून चाकावर ओला आहे आणि हिचा जीव ढगात. लाज नाही, लज्जा नाही. आमचा दादा गेल्यावर तू दहाव्या दिवसानंतर दुकान उघडलंस आणि अर्धवट राहिलेली पुस्तकं बांधायला बसलीस, हे त्या लेखकाने येऊन बघावं म्हणावं. बाई कशी असते ते कळेल.

पुढचे लवकर पाठव. शिव्या द्यायला सामान संपलंय.

वन्सं

२ मार्च

प्रिय वन्सं,

आधी हसणार नाहीस असं वचन दे. देणार नाहीस, माहीत आहे. तर ऐक.

मागच्या सोमवारी अकरावा फर्मा वाचत बसले होते. पानं एकशे एकसष्ट ते एकशे शहात्तर, म्हणजे कशी पानं असतील ते तू ओळख. इतक्यात शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिका हजेरीपट बांधायला घेऊन आत आल्या. मी घाबरून फर्मा समोरच्या गठ्ठ्यात खुपसला. तो गठ्ठा होता एका मुलीच्या शोधप्रबंधाचा. विषय, साठवणीच्या धान्याला लागणारी कीड. बाई अर्धा तास बोलल्या, गेल्या, आणि मी तोच गठ्ठा उचलून दाभणाने टाके घातले, पाठीला सरस लावला, पुठ्ठा चढवला, सोनेरी अक्षरं ठोकली. फर्मा आकाराने लहान, त्यामुळे कडेने दिसलाही नाही. तीस वर्षं बांधणी करतेय गं! कुणाला तोंड दाखवू!

विद्यापीठाच्या प्रबंध-विभागात एक गृहस्थ आहेत. त्यांचं काम एकच, बांधून आलेला प्रत्येक प्रबंध उघडायचा आणि पानं मोजायची. बोटाने, एकेक. मी मनातल्या मनात त्यांना पानमोजे म्हणते. आजवर निरोप पाठवायचे, अमुक पान उलटं लागलंय, तमुक कोरं राहिलंय. या वेळी स्वतःच आले. टेबलावर प्रबंध ठेवला आणि खूण घातलेलं पान उघडलं. डावीकडे पान चौऱ्याऐंशी, सोंडकिड्याची मादी एका दाण्यात एकच अंडं घालते. उजवीकडे पान एकशे एकसष्ट, वीजदेवाने नुसत्या नजरेने तिच्या कमरेची गाठ सोडली.

‘विषय फार लांबचा नाही,’ पानमोजे म्हणाले, ‘पण पानांचे आकडे जुळत नाहीत.’

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हटलं, ‘काय ती तक्रार लिहा आणि मोकळे व्हा.’ त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, ‘एकशे शहात्तरवर ती दाराला हात लावून उभी आहे. एकशे सत्त्याहत्तरवर उघडते का?’

म्हटलं, ‘उघडते. पण लगेच नाही.’

झालं! स्टूल ओढून बसले आणि बारावा फर्मा तिथेच वाचून गेले. सोळा पानांना चाळीस मिनिटं. पानं मोजायची सवय, दुसरं काय! प्रबंध मी परत बांधून दिला, त्या मुलीला पत्ताही लागला नाही. आता सोबत पाच ते बारा पाठवतेय. अकरावा पाठीकडून जरा फाटलाय, सांभाळून वाच.

हसून झालं असेल तर पाणी पी.

वहिनी

१२ मार्च

वहिनी,

पाणी प्यायले, ठसका लागला, परत हसले. वॉर्डात कुणाला कारण सांगता येईना. धान्याची कीड! अगं, त्या मुलीचा प्रबंध तसाच गेला असता तर परीक्षकांनी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला असता.

पण एक विचारू? अकराव्या फर्म्यात पान एकशे अडुसष्टच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय, ‘वीज आधी दिसते, गडगडाट नंतर ऐकू येतो. इथे उलट झाले आहे.’ हे तुझे पानमोजेच ना? देव बाईला मिठीत घेतोय आणि हा माणूस गडगडाटाचा क्रम तपासतोय. मला आवडला. असली माणसं हॉस्पिटलात हवीत, औषधांच्या वेळा चुकणार नाहीत. घरी कोण कोण असतं त्यांच्या?

बाकी बारावा फर्मा वाचला आणि मन शांत झालं. अखेर कुणीतरी शहाणं माणूस आलं पुस्तकात. कुंभारणीची नणंद! वीजदेव दाराशी आला तर ही बाई उंबऱ्यात आडवी उभी. ‘माझ्या भावाच्या घरातून तू अशी जायची नाहीस.’ वा! मी असते तर नुसती उभी राहिले नसते, उरलंसुरलं मडकं दोघांच्या डोक्यात घातलं असतं. लेखकाला नणंद बाकी बरोबर जमली.

पुढचे पाठव, वाट बघतेय.

वन्सं

२० मार्च

वन्सं,

तेरा ते अठरा सोबत आहेत. सध्या परीक्षांचे दिवस, प्रबंधांचे ढीग पडलेत. मोठं पत्र नाही लिहीत.

त्या गृहस्थांच्या पत्नी बऱ्याच वर्षांपूर्वी गेल्या. एकटेच असतात. कामापुरते येतात, कामापुरते बोलतात. त्यात विचारण्यासारखं काही नाही.

तब्येतीला जप.

वहिनी

२५ एप्रिल

वहिनी,

महिना उलटला. शेवटचे चार फर्मे नाहीत, पत्र नाही. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा तू ‘गिऱ्हाईक आहे’ म्हणालीस. मागून गिऱ्हाइकाचा आवाज एकदाही आला नाही. फोनवर तुला खोटं बोलता येतं, कागदावर येत नाही, म्हणून लिहितेय.

कुंभारीण अठराव्या फर्म्यात ढगाच्या पायरीवर एक पाय टाकून उभी आहे. राहू दे उभी, तिचे पाय दुखोत. मला तिची काळजी नाही, तुझी आहे.

मागच्या पत्रात तू ‘तब्येतीला जप’ लिहिलंस. तीस वर्षांत असं कधी लिहिलं नाहीस. माणूस स्वतः आजारी असला की दुसऱ्याला जप म्हणतो, हे मी रोज बघते. तुझं अक्षरही बारीक झालंय. काय आहे? दुखतंय कुठे? गाठबीठ लागलीय का हाताला? असेल तर लपवू नकोस, तुझ्या पाया पडते. दादानेही असंच लपवलं. छातीत दुखतंय ते तुला सांगितलं नाही, मला सांगितलं नाही, आणि मी जन्मभर हॉस्पिटलात राहून स्वतःच्या भावाला वेळेवर तपासू शकले नाही. तुझ्या बाबतीत मी हे दुसऱ्यांदा सहन करणार नाही. तू मला फार हवी आहेस गं. लिही. नाहीतर रजा टाकून येते.

वन्सं

२ मे

प्रिय वन्सं,

गाठ नाही. मी ठणठणीत आहे. तुला इतकं घाबरवलं, त्याबद्दल चपलेने मार मला.

आजार असता तर सांगणं सोपं गेलं असतं. पानमोजे आहेत.

आता सगळं लिहिते, मध्ये थांबले तर परत हिंमत व्हायची नाही. त्या दिवसानंतर ते दर शुक्रवारी यायला लागले. आधी प्रबंध घेऊन, मग प्रबंध न घेता. पहिला भाग वाचनालयातून मिळवून वाचला आणि त्यातल्या चुका एका कागदावर उतरवून आणल्या, सव्वीस चुका. आम्ही दोघं स्टुलावर समोरासमोर बसून देवाची टिंगल करायचो. मी सहा वर्षांत इतकी हसले नव्हते. हे असताना हसायचे, तशी हसत होते, आणि ते लक्षात आलं की लाज वाटायची.

मार्चच्या मध्यावर एका शुक्रवारी त्यांनी माझा हात धरला. वीज वगैरे काही सळसळली नाही, लेखकाला कळव. हाताला सरस लागलेला होता, त्यामुळे थोडा वेळ सोडवताही येईना. म्हणाले, ‘आपण दोघांनी एका घरात राहावं असं मला वाटतं. रीतसर, नोंदणी करून. तुम्ही विचार करा. मला घाई नाही.’ आणि जाताना गठ्ठ्यातलं एक उलटं पान सरळ करून गेले.

त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं. नणंद उंबऱ्यात आडवी उभी, आणि तू टाळ्या वाजवतेस. त्याआधी लिहिलं होतंस, नवऱ्याचा चिखल ओला आहे आणि हिला लाज नाही. दोन्ही पत्रं इतक्या वेळा वाचली की घड्या फाटल्या. तू थट्टा करत होतीस, मला कळतंय. पण ते शब्द कुठून आले, हेही कळतंय.

माझं माहेर कधीच संपलं. मूल नाही. ह्यांच्या घरातलं तू एकच माणूस उरली आहेस. मी हो म्हटलं आणि तू मला तोडलंस, तर मला सगळं मिळूनही काही उरणार नाही. म्हणून त्यांना सांगितलंय, वन्संचं उत्तर आल्याशिवाय मी उत्तर देणार नाही. तू नको म्हणालीस तर नको म्हणेन. उपकार म्हणून नाही, मनापासून. फक्त खरं काय ते लिही. माझं मन राखायला काही लिहू नकोस.

शेवटचे चार फर्मे सोबत आहेत. कुंभारीण देवाबरोबर जाते, म्हणून पाठवले नव्हते.

वहिनी

९ मे

वहिनी,

पत्र मिळालं. मला थोडे दिवस दे.

वन्सं

१९ मे

वहिनी,

आधी पुस्तकाचं उरकते, कारण त्या लेखकावर माझा फार राग आहे. शेवटचे चारही फर्मे वाचले. कुंभारीण ढगात गेली, देवाने तिला अमर केलं, शय्येचं वर्णन सात पानं. आणि नणंद? एक वाक्य! ‘नणंद अश्रू ढाळीत घरात परतली.’ संपलं! ती रात्री जेवली का, तिच्याशी कोण बोललं, भाऊ गेला, भावजय गेली, आता तिने मडक्यांचं काय करायचं, एक अक्षर नाही. देवाच्या छातीला नऊ वेळा जागा आहे आणि नणंदेला एक ओळ.

आता तुझं. खरं लिही म्हणालीस, तर खरं लिहिते.

वाईट वाटलं. पत्र वाचलं त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी तुझा राग आला, तिसऱ्या दिवशी त्या माणसाचा, ज्याने माझं काही वाकडं केलेलं नाही. दादा ज्या दुकानात तीस वर्षं बसला तिथे दुसराच कुणी स्टूल ओढून हसतोय, हे डोळ्यांसमोर येत राहिलं. वॉर्डात एका शिकाऊ पोरीवर उगाच खेकसले. ती रडली. मग मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

आठवड्याने राग उतरला आणि मग जे कळलं त्याने जास्त लाज वाटली. तुझ्या मनात काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता आणि मी पत्रामागून पत्र त्या कुंभारणीला झोडपत होते. त्या शिव्या तू गपचूप वाचत होतीस आणि पुढचे फर्मे खाकी कागदात बांधून मला पाठवत होतीस. एकदा तरी म्हणायचंस ना, ‘वन्सं, तोंड आवर.’ एवढी का मी परकी? पुस्तकातल्या बाईला बोलणं वेगळं गं. तिला बोलायला काय जातं? माझ्या तोंडून निघालेलं सगळं तुला लागेल असं मला स्वप्नातही वाटलं नाही. लागलं असेल तर माफ कर.

दादा माझा भाऊ होता आणि राहील. त्यात कुणी वाटेकरी येत नाही, कुणी त्याची जागा घेत नाही. मला नवा भाऊ कुणी आणून देणार नाहीये. पण तुझा नवरा गेला तो गेला. दोघींचं दुःख सारखं आहे असं मी सहा वर्षं धरून चालले होते. ते सारखं नव्हतं. मी ड्यूटी संपवून क्वार्टरमध्ये येते तेव्हा पन्नास माणसं आजूबाजूला असतात. तू शटर ओढून घरी जातेस तेव्हा कोण असतं? हे मी कधी विचारलंच नाही. ‘बाई कशी असते’ म्हणून तुझी आरती ओवाळत बसले, आणि तुला त्या आरतीत अडकवून ठेवलं.

तुला माझी परवानगी नको आहे. तरी मागितलीस, तर घे. हो म्हण. आजच म्हण, टपाल वाचून झाल्या झाल्या. तो म्हणतो घाई नाही, पण तुम्ही दोघंही काही अमर नाही.

आणि हो, नोंदणीला दोन्ही बाजूंचे साक्षीदार लागतात. त्याच्या बाजूला असेल कुणीतरी कचेरीतला. तुझ्या बाजूला कोण, याचा विचार केलास? केला नसशील. माझं माहेर कधीच संपलं, असं लिहून मोकळी झालीस. वाचलं ते, आणि सगळ्यांत जास्त तेच लागलं.

मी रजा टाकली आहे. सव्वीस तारखेला सकाळी पोचते. नणंद म्हणून येत नाही. त्या माणसाला सांग, मुलीकडचे येताहेत. आहे एकटीच, पण चौघांचा त्रास देईन.

तुझी,
वन्सं